मॉडेम एक, कॉम्प्युटर दोन, आणि नेट एका वेळी एकावरच

घरात राउटर नाही, आणि एकाच मॉडेमवर दोन कॉम्प्युटर चालवायचे आहेत. मॉडेमची वायर पहिल्या कॉम्प्युटरला लावली की नेट चालतं. तीच वायर काढून दुसऱ्याला लावली की चालत नाही. मॉडेम बंद करून पुन्हा चालू केला तर दुसऱ्यावर चालतं, पण मग पहिला रुसतो. शेवटी मध्ये एक पाच पोर्टचा स्विच येतो. एक वायर मॉडेमकडे, दोन वायरी दोन कॉम्प्युटरकडे, सगळे दिवे छान लुकलुकतायत, आणि नेट तरीही एकावरच. जो आधी चालू केला त्याच्यावर.

लक्षणं एवढी जुळत असतील तर केबल, लॅन कार्ड आणि स्विच यांतलं काहीही बिघडलेलं नाही, हे जवळजवळ नक्की. अशा वेळी नवी केबल आणणं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं किंवा सरळ विंडोज फॉरमॅट मारणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुखणं आयपी ॲड्रेसचं, म्हणजे नेटवर कॉम्प्युटरला मिळणाऱ्या पत्त्याच्या आकड्याचं आहे.

निव्वळ मॉडेमचं काम फार थोडं असतं. बाहेरून फोनच्या तारेवर किंवा केबलवर येणारा सिग्नल तो इथरनेटमध्ये बदलतो, आतून जाणारा उलट बदलतो, बस. फायबरच्या जोडणीत हेच काम ओएनटी नावाचा डबा करतो. आयपी ॲड्रेस मॉडेम देत नाही, तो पलीकडून कंपनीच्या सर्व्हरकडून येतो, आणि साध्या घरगुती जोडणीला बहुतेक वेळा एकच मिळतो. राउटर असता तर त्याने तो एकुलता ॲड्रेस स्वतःकडे ठेवला असता, आतल्या कॉम्प्युटरना खासगी ॲड्रेस वाटले असते आणि प्रत्येक पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यावर) जाता-येता ॲड्रेस बदलून दिला असता. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. स्विच यातलं काहीच करत नाही. तो फक्त पोर्ट वाढवतो. त्यामुळे स्विचला लावलेले दोन्ही कॉम्प्युटर थेट कंपनीकडे आयपी मागतात, पहिल्याला मिळतो, दुसऱ्याला नाही.

म्हणजे राउटर वापरायचा नसेल तरी राउटरचं काम कोणीतरी करावंच लागतं. एक तर मॉडेमने, नाहीतर एका कॉम्प्युटरने. यातलं कोणी करायचं ते ठरवण्याआधी एक गोष्ट तपासायची.

आधी आयपी बघा, वायरींना नंतर हात लावा

एकच कॉम्प्युटर मॉडेमला थेट जोडा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. (लिनक्सवर आयपी ए, मॅकवर नेटवर्क सेटिंगमध्येच दिसतो.) जो आयपीव्ही४ ॲड्रेस दिसेल त्याची सुरुवात सगळं सांगून जाते.

१९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा मॉडेमच्या डब्यात राउटर आधीपासूनच बसलेला आहे. नाव मॉडेम, काम दोन्ही. मग पुढचं काही वाचायची गरज नाही, साधा स्विच लावा आणि दोन्ही कॉम्प्युटर चालतील. याला एक अपवाद आहे आणि तो बऱ्याच जणांना चकवतो: काही केबल मॉडेम बाहेरचा सिग्नल मिळेपर्यंत स्वतःहून १९२.१६८.१०० मधला तात्पुरता ॲड्रेस देतात, म्हणजे निदान मॉडेमचं पान तरी उघडावं. हा आकडा दिसला आणि नेट नाही, तर मॉडेम अजून जोडलाच गेलेला नाही. तक्रार लाइनची आहे, तुमच्या कॉम्प्युटरची नाही.

१६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरने आयपी मागितला आणि कोणीच दिला नाही. वाट बघून त्याने स्वतःच एक ॲड्रेस घेतला. हा ॲड्रेस इंटरनेटसाठी निरुपयोगी. स्विचवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर हमखास हाच दिसतो.

१००.६४ ते १००.१२७ यांमधलं काही दिसलं तर कंपनी तिच्या बाजूला नॅट करते आहे. तुमच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही, ॲड्रेस तरी एकच मिळणार. १० ने सुरू होणारा किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांमधला ॲड्रेस मात्र दोन्हीकडचा असू शकतो. तेव्हा आयपीकॉन्फिगमध्ये डिफॉल्ट गेटवे म्हणून जो आकडा दिसतो तो ब्राउझरमध्ये टाका. मॉडेमचं लॉगिनचं पान उघडलं तर राउटर मॉडेममध्येच आहे. काहीच उघडलं नाही तर बहुधा गेटवे कंपनीकडे आहे.

बाकी कुठलाही आकडा म्हणजे खरा, उघडा, सार्वजनिक आयपी. कॉम्प्युटर आणि इंटरनेट यांच्यामध्ये आता फक्त विंडोजची फायरवॉल आहे. याबद्दल शेवटी बोलू.

वायर बदलली की नेट का जातं

केबल मॉडेमला सुरू झाल्यावर जो कॉम्प्युटर पहिल्यांदा दिसतो त्याचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) तो लक्षात ठेवतो, आणि किती यंत्रांना जोडू द्यायचं याची मर्यादा कंपनीच्या सेटिंगमधून येते. ती मर्यादा एक असेल तर दुसरा कॉम्प्युटर लावून कितीही वेळ बसा, मॉडेम त्याला ओळख दाखवत नाही. मॉडेमची पॉवर काढून पुन्हा लावली की ही यादी पुसली जाते. दोन-तीन मिनिटं थांबा आणि मगच लावा. ज्या मॉडेमला फोनचं पोर्ट आहे त्यात कधीकधी बॅकअप बॅटरी असते, आणि प्लग काढूनही तो चालूच राहतो. दिवे पूर्ण विझले की नाही ते डोळ्यांनी बघा. बॅटरी असेल तर तीही काढावी लागते, नाहीतर मॉडेम बंद झालाच नाही आणि तुम्ही मात्र तो रीस्टार्ट केला असं धरून पुढे जाता.

फोन लाइनच्या किंवा काही फायबर जोडण्यांत युजरनेम आणि पासवर्ड टाकून डायल करावं लागतं. याला पीपीपीओई म्हणतात. इथे मॅक ॲड्रेसचा प्रश्न नसतो, सेशनचा असतो. एका युजरनेमवर सहसा एकच सेशन चालू देतात. पहिल्यावर कनेक्ट असताना दुसऱ्यावरून डायल केलं तर विंडोज ६९१ नंबरची एरर देतं, म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड नाकारला. पासवर्ड बरोबर असतो! लोक तो दहादा टाकून बघतात, मग कंपनीकडून बदलून घेतात, आणि नव्या पासवर्डवरही तेच. पहिल्या कॉम्प्युटरची वायर नुसती उपटली असेल तर त्याचं सेशन कंपनीच्या सर्व्हरवर काही काळ जिवंतच राहतं, तोवर दुसऱ्याला ६९१ येत राहतं. वायर काढण्याआधी डिस्कनेक्टवर क्लिक करायचं, एवढ्याने हा त्रास जातो.

सगळ्यात सोपा उपाय मॉडेमच्याच पोटात असू शकतो

फोन लाइनचे पुष्कळसे मॉडेम आतून राउटरच असतात, फक्त ब्रिज मोडमध्ये ठेवलेले, म्हणजे राउटरचं काम बंद करून नुसते मॉडेम म्हणून. मागे एकच लॅन पोर्ट दिसतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मॉडेमच्या पानावर जाऊन वॅन (बाहेरच्या बाजूच्या) सेटिंगमध्ये ब्रिजच्या जागी पीपीपीओई निवडा, कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड तिथेच भरा, लॅनच्या (आतल्या बाजूच्या) पानावर डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटण्याची सोय, चालू करा आणि सेव्ह करा. आता डायल मॉडेम करेल. कॉम्प्युटरवरचं जुनं डायलर कनेक्शन काढून टाका, नाहीतर तेही वर डायल करत बसेल. या एका बदलानंतर तोच पाच पोर्टचा स्विच नीट काम करायला लागतो. बदल करण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा. व्हीपीआय आणि व्हीसीआय असे दोन आकडे किंवा व्हीलॅनचा आकडा तिथे असेल तर त्याला अजिबात हात लावू नका.

हे जमत असेल तर पुढचा खटाटोप करूच नये असं माझं मत आहे. कॉम्प्युटरला राउटर बनवता येतं, चांगलं चालतंही, पण मग तो कॉम्प्युटर कायम चालू ठेवावा लागतो.

कंपनीकडून जादा आयपी विकत घेण्याचाही मार्ग काही ठिकाणी असतो. तेव्हा स्विच पुरतो, पण दोन्ही कॉम्प्युटर उघड्यावर येतात. फारशी शिफारस करण्यासारखा नाही.

कॉम्प्युटरलाच राउटर बनवायचं असेल तर

त्या कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं लागतात. एक मॉडेमसाठी, एक आतल्या बाजूसाठी. लॅपटॉपला किंवा एकच पोर्ट असलेल्या डेस्कटॉपला यूएसबीवरचं इथरनेट ॲडॉप्टर चालतं. जोडणी अशी: मॉडेममधून वायर थेट पहिल्या कार्डात, दुसऱ्या कार्डातून वायर स्विचमध्ये, बाकी सगळे कॉम्प्युटर स्विचला. दुसरा कॉम्प्युटर एकच असेल तर स्विचही नको, दुसऱ्या कार्डातून थेट त्याला वायर लावा. जुन्या काळी यासाठी क्रॉस केबल लागायची, गिगाबिट कार्डं मात्र वायर कशीही असली तरी स्वतः जुळवून घेतात.

मॉडेम स्विचला लावायचा नाही. ही चूक फार होते, कारण आधी मॉडेम स्विचलाच होता आणि तो तसाच राहतो. मग तुमचा कॉम्प्युटर आतल्या बाजूला जे ॲड्रेस वाटतो ते मॉडेमच्या वायरीवरही जातात, दुसरा कॉम्प्युटर कधी तुमच्याकडून आयपी घेतो, कधी कंपनीकडून मागतो, आणि कंपनीच्या यंत्रणेला हे आवडलं नाही तर ती तुमची लाइनच अडवू शकते. लक्षण असं की कधी चालतं, कधी चालत नाही, आणि कशामुळे ते कळत नाही.

विंडोजमध्ये या सोयीचं नाव इंटरनेट कनेक्शन शेअरिंग, आयसीएस. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून ती आहे. नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत दोन्ही कार्डं दिसतील. गोंधळ नको म्हणून आधी त्यांची नावं बदला: एकाचं बाहेर, दुसऱ्याचं आत. मग बाहेरच्या कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, पहिल्या चौकोनात टिक, आणि खालच्या यादीतून आतलं कार्ड निवडा. पीपीपीओई असेल तर टिक बाहेरच्या कार्डावर नव्हे, ब्रॉडबँडच्या डायलर कनेक्शनवर करायची. आयपी त्या डायलरला मिळालेला असतो, कार्डाला नाही. कार्ड शेअर केलं तर सगळं बरोबर दिसतं आणि एकही पान उघडत नाही.

टिक केल्याबरोबर आतल्या कार्डाचा ॲड्रेस १९२.१६८.१३७.१ होतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर काही करायचं नाही, आयपी ऑटोमॅटिक ठेवायचा. त्याला १९२.१६८.१३७ मधला ॲड्रेस मिळाला तर काम झालं.

त्याच खिडकीत दोन्ही कार्डं निवडून राइट क्लिक केलं की ब्रिज कनेक्शन्स असाही पर्याय दिसतो. तो घेऊ नका. ब्रिज केला की कॉम्प्युटर म्हणजे फक्त एक महागडा स्विच, आणि दुसरा कॉम्प्युटर पुन्हा कंपनीच्या दारात आयपी मागायला उभा.

मॅकवर इंटरनेट शेअरिंग नावाचं बटण आहे, आतली बाजू १९२.१६८.२ मध्ये जाते. लिनक्सवर नेटवर्क मॅनेजर असेल तर आतल्या कार्डाच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये इतर कॉम्प्युटरसोबत शेअर करण्याचा पर्याय निवडा, आतली बाजू १०.४२.० मध्ये येते आणि रीस्टार्टनंतरही टिकते. वायफाय असलेल्या विंडोज कॉम्प्युटरवर दुसरं कार्ड न घेता मोबाइल हॉटस्पॉट चालू करता येतो. फक्त त्यातला पॉवर सेव्हिंगचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर कोणी जोडलेलं नसलं की तो आपोआप मिटतो.

रीस्टार्ट केलं की पहिले पाढे पंचावन्न

आयसीएसबद्दलची सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. काल संध्याकाळी चाललं, आज कॉम्प्युटर चालू केला तर दुसऱ्यावर नेट नाही. शेअरिंगची टिक बघावी तर ती जागच्या जागी. टिक काढून पुन्हा केली की चालतं. रोज हेच.

कारण विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून आलं. आयसीएसची सर्व्हिस आता कायम चालू राहत नाही. चार मिनिटं काही वाहतूक नसली की ती बंद होते, आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट झाल्यावर आपणहून उठत नाही. यावर मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेला उपाय दोन भागांत आहे आणि दोन्ही करावे लागतात.

पहिला भाग: सर्व्हिसेसच्या यादीत इंटरनेट कनेक्शन शेअरिंग शोधा, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करा. दुसरा भाग रजिस्ट्रीत. रजिस्ट्री एडिटर उघडून लोकल मशीनच्या शाखेखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन असं जात शेअर्ड ॲक्सेस या फोल्डरपर्यंत पोहोचा. नसेल तर त्याच नावाने बनवा, दोन शब्द सलग, मध्ये जागा नाही. त्यात एनेबल, रीबूट, पर्सिस्ट, कनेक्शन हे चार इंग्रजी शब्द सलग जोडून त्या नावाची नवी ३२ बिटची डीवर्ड व्हॅल्यू बनवा आणि तिच्यात १ लिहा. स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तरी विंडोज तक्रार करत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं, म्हणून नाव परत एकदा वाचा. मग शेअरिंगची टिक काढून, ओके करून, पुन्हा टिक करा आणि रीस्टार्ट घेऊन बघा.

एवढं करूनही सकाळी नेट नसेल आणि जोडणी पीपीपीओईची असेल, तर बहुतेक डायलरच डायल झालेला नाही. रासडायल ही कमांड टास्क शेड्यूलरमध्ये कॉम्प्युटर सुरू होताना चालेल अशी टाकून द्या.

रात्री चालू ठेवलेल्या कॉम्प्युटरवरही तासाभराने नेट जात असेल तर तो झोपी जातो आहे. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही कार्डांच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची जी टिक असते ती काढा. यूएसबीचं ॲडॉप्टर तर याच टिकेमुळे हमखास मरतं.

लिनक्सवर हाताने आयपी फॉरवर्ड चालू केलं असेल आणि आयपीटेबल्सचा मास्करेड नियम टाइप केला असेल, तर दोन्ही रीस्टार्टला पुसले जाणारच. पहिलं सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये लिहा, दुसरं सेव्ह करण्याची सोय लावा. आणि सगळं लिहून ठेवलेलं असताना एक दिवस अचानक बंद पडलं, तर त्या दिवशी डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं होतं का ते आठवा. डॉकर फॉरवर्ड साखळीचं धोरण ड्रॉपवर नेतं, त्यामुळे आतल्या कार्डाकडून येणारं सगळं गुपचूप फेकलं जातं. डॉकर-यूजर साखळीत तुमच्या दोन कार्डांसाठी परवानगीचा नियम घातला की मोकळं होतं.

काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात

हे पीपीपीओईवर दिसतं. मुख्य कॉम्प्युटरवर सगळं चालतं, दुसऱ्यावर सर्च चालतो, पण काही साइट अर्ध्यावर अडकतात. इथरनेटवर एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात, पीपीपीओई त्यातले ८ स्वतःला घेतं, उरतात १४९२. मुख्य कॉम्प्युटरला हे माहीत असतं. दुसरा बिचारा १५०० च धरून चालतो, आणि वाटेत कुठे फायरवॉलने पॅकेट मोठं झाल्याचा निरोप अडवला तर मोठी पॅकेटं नुसती गडप होतात.

तपासणी: दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ८.८.८.८ ला पिंग करा, सोबत हायफन एफ आणि हायफन एल हे दोन पर्याय, एलच्या पुढे १४७२. मग तेच १४६४ ने. (हे आकडे १५०० आणि १४९२ मधून हेडरचे २८ बाइट वजा करून आलेत.) १४७२ अडकलं आणि १४६४ गेलं तर निदान पक्कं. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या कार्डाचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) नेटएसएच कमांडने १४९२ करा. लिनक्सचा राउटर असेल तर प्रत्येक कॉम्प्युटरवर जायची गरज नाही, आयपीटेबल्समध्ये एमएसएस क्लॅम्पचा (पॅकेटचा आकार आटोक्यात ठेवण्याचा) एक नियम सगळ्यांसाठी पुरतो.

८.८.८.८ ला पिंग जातं पण नावाने एकही साइट उघडत नाही, असं असेल तर भानगड डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सेवेची. दुसरा कॉम्प्युटर नावं विचारायला १९२.१६८.१३७.१ कडे जातो आणि आयसीएस ते काम कधीकधी सोडून देतं. दुसऱ्यावर डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून टाका.

मुख्य कॉम्प्युटरवर व्हीपीएन चालू केला आणि दुसऱ्यावरचं नेट गेलं, तर तो दोष नव्हे. व्हीपीएनने वाट बदलली, शेअर मात्र जुनीच वाट आहे. व्हीपीएन बंद करा, किंवा शेअरिंगची टिक त्याच्या कार्डावर न्या.

उघडा आयपी

मॉडेमला थेट जोडलेल्या कॉम्प्युटरला सार्वजनिक आयपी असेल तर त्याच्यावर बाहेरून सतत दारं ठोठावली जातात. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) असाच पसरला होता: विंडोजचा १३५ नंबरचा पोर्ट उघडा दिसला की आत. राउटरच्या नॅटमागे बसलेले कॉम्प्युटर बाहेरून येणाऱ्या अशा हल्ल्यातून वाचत, थेट मॉडेमला लागलेले अडकत. आज विंडोजची फायरवॉल मुळातच चालू असते, तरी बाहेर नाव दिलेल्या कार्डाचं नेटवर्क पब्लिक प्रोफाइलवर आहे ना ते बघा, आणि त्याच्या प्रॉपर्टीजमधून फाइल अँड प्रिंटर शेअरिंगची टिक काढा. प्रिंटर शेअर करायचा असेल तर ती टिक आतल्या कार्डावर ठेवा, आणि तिथलं प्रोफाइल प्रायव्हेट. शेअरिंग चालत नाही म्हणून फायरवॉल बंद करून बघा, असा सल्ला कुठे वाचलात तर किमान मॉडेमची वायर काढून मगच तो प्रयोग करा.